हळद लागलेलं कूपन

चार कूपनं, प्रत्येकी चाळीस युरोची सूट. एकूण एकशे साठ. प्रिंटरने चौथा कागद बाहेर ढकलायच्या आत गिरीशचा हिशेब झालाही होता. माणशी एकच कूपन चालणार, म्हणजे माणसं हवीत. आणि डब्लिनजवळच्या ल्यूकनमधल्या त्या घरात एक माणूस फुकटचं पडून होतं. सासूबाई. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून फेब्रुवारीत आल्या आणि करोनात विमानं बंद झाली, त्या अडकल्या.

"आई, ते कागद देता का जरा?"

अलकनंदाबाई फोडणी सोडून कागद घेऊन आल्या. वरच्याच्या कोपऱ्यावर त्यांचा हळदीचा अंगठा उमटला.

"ह्याच्यावर तारीख नाही की हो, गिरीशराव."

मिरजेच्या एका पतपेढीत एकतीस वर्षं त्यांनी कॅशची खिडकी सांभाळली होती. खोटी नोट आत आली तर भरपाई खिडकीवाल्याने करायची, हा तिथला नियम. त्यांच्यावर ती वेळ एकदाही आली नव्हती.

"ही तुमची पतपेढी नाही, आई," गिरीश हसला. "औषधांच्या प्लँटमध्ये दिवसभर लेबलंच तपासतो मी. बॅच नंबर, तारीख, सगळं. डोन्ट वरी."

जावयापुढे आणखी काय बोलणार? कागद घरच्याच प्रिंटरचा. बोटांनाही काही कळेना.

शनिवारी गाडीतच त्याने बजावलं, "आत ओळख दाखवायची नाही हं. एका घरातून एकालाच सोडतायत. तुम्ही पुढे व्हा."

काउंटरवरच्या मुलीने ते हळदीच्या अंगठ्याचं कूपन दोनदा स्कॅन केलं आणि मॅनेजरला बोलावलं. तो बोलला नम्रपणेच, पण मोठ्याने. ह्या बाईंना इंग्रजी कमी समजत असणार, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. कूपन खोटं आहे. सकाळपासूनचं हे तिसरं. कुणी दिलं? बरोबर कोण आहे?

अलकनंदाबाईंनी मागे पाहिलं. दोन मीटरवर, जमिनीवर चिकटवलेल्या पावलांच्या खुणांवर गिरीश उभा होता आणि च्युइंगमच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचत होता.

"आय अॅम अलोन," त्या म्हणाल्या.

मॅनेजरने कूपन ठेवून घेतलं आणि तांदूळ, लोणी, डायपरांनी भरलेली ट्रॉली बाजूला ओढली. पुन्हा असं झालं तर गार्डांना, म्हणजे पोलिसांना, कळवावं लागेल म्हणाला. रांगेतल्या एका बाईने आपली पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

गिरीशने दूध घेतलं, कार्ड टेकवलं आणि बाहेर आला.

"एकतीस वर्षं कॅशवर होतात ना?" गाडी मागे घेत तो म्हणाला. "नंबर तरी बघायचे. कागद तुमच्याच हातात होते."

घरी त्यांची लेक स्वरूपा बाळाला थोपटत होती. "अगं, तो मुद्दाम करेल का? आणि तुझं परतीचं तिकीट तोच बघतोय. उगाच वाढवू नकोस."

रविवारी सकाळी मराठी मंडळाच्या ग्रुपवर गिरीशची पोस्ट आली: 'खोटं कूपन कसं ओळखाल?' त्यावर तारीख नसते. सूट न पटण्याइतकी मोठी असते. दुकानाच्या स्वतःच्या साइटवर ते सापडत नाही. आणि कितीही प्रती छापा, नंबर एकच. 'आमच्याकडच्या एक ज्येष्ठ कालच फसल्या, त्याही माजी कॅशियर! सांभाळा.' सोबत फोटो: ओट्यावर नंबराखाली नंबर लावून मांडलेली कूपनं, नंबरांभोवती लाल गोल.

अलकनंदाबाईंनी सवयीने मोजली. चार. त्यातलं एक तर मॅनेजरकडे राहिलेलं. पुन्हा छापलं असेल म्हणावं, तर पहिल्याच्या कोपऱ्यावर हळदीचा अंगठा. म्हणजे नंबर जुळवून काढलेला हा फोटो दुकानात जायच्या आधीचा. खोटं आहे हे त्याला तेव्हाच कळलं होतं. तरी खपतंय का बघायला त्यांना पुढे धाडलं होतं.

त्यांनी फोन त्याच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला.

"गिरीशराव, हा अंगठा माझा."

गिरीशने फोटो मोठा करून पाहिला.

"अरे हो," तो म्हणाला. "क्रॉप करायला हवा होता."

संध्याकाळपर्यंत पोस्टखाली एकेचाळीस जणांचे अंगठे आले, सगळे पिवळेधमक. दुकानाचं काही गेलं नाही. गिरीशची मंडळात पत वाढली, स्वरूपाच्या घरात भांडण झालं नाही. भरपाई नियमाप्रमाणे खिडकीवालीने केली.