मुकादमांची लाथ

"या जगात जे हलतं, ते बुडतं!"

मुकादमांनी उजवा हात आभाळाकडे नेऊन ही घोषणा केली आणि ते ज्या खोक्यावर उभे होते ते खोकं हललं. बोक्यानं चपळाईनं त्यांचे गुडघे धरले म्हणून बरं, नाहीतर अखिल मानवजातीला उद्देशून चाललेलं भाषण पहिल्याच वाक्याला धक्क्यावर आडवं झालं असतं.

"या खोक्याखाली पाचर कुणी ठोकली नाही?" मुकादम गरजले.

"खोकं तुम्हीच लावलंत, मुकादम," बोका अदबीनं म्हणाला.

बोका म्हणजे टोळीतला सगळ्यांत जुना हमाल. मिशा बोक्यासारख्या आणि जिथे ऊबदार पोतं दिसेल तिथे डोळे मिटायची सवयही तशीच. मुकादमांचं हे प्रवचन त्याला पाठ होतं. नवं जहाज धक्क्याला लागलं की माल चढवण्याआधी ते व्हायचंच. लोकांना वाटतं, जहाज वादळानं बुडतं. साफ चूक! वादळ बिचारं बाहेर असतं. घात करतो तो आतला माल. नीट न बांधलेलं एक धूड लाटेबरोबर एका अंगाला घसरलं की ते शेजाऱ्याला ढकलतं, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, आणि बघता बघता जहाज कुशीवर होतं. आणि एकदा झोपलेलं जहाज चहा दाखवून उठत नाही.

म्हणून मुकादमांची लाथ होती.

ही लाथ कुठल्याही नियमावलीत नव्हती, पण नियमावलीपेक्षा तिचा दरारा मोठा होता. जहाजाच्या पोटात माल लावून झाला, साखळ्या आवळून झाल्या, फटींमध्ये लाकडं ठोकून झाली, की मुकादम शिडीनं खाली उतरायचे, पँट गुडघ्याशी किंचित वर ओढायचे आणि मालाच्या बरोबर मध्यावर उजव्या पायाची एक सणसणीत लाथ घालायचे. मग कान द्यायचे. काही खुट्ट झालं, काही कुरकुरलं, की अख्खा थर उतरवून पुन्हा लावायचा. काहीच झालं नाही, तर खिशातून खडू काढून ते मालावर एक फुली मारायचे. सात समुद्र पाहिलेले कप्तानसुद्धा वरून वाकून विचारायचे, "लाथ झाली का?"

उद्यापासून मुकादम निवृत्त, म्हणून आज शेवटची लाथ होती. निदान तसं ठरलेलं होतं.

प्रवचन संपलं तशी गोदीच्या साहेबांनी मुकादमांना बाजूला घेतलं. "मुकादम, तुमच्या जागेचं काय? तुमच्या सूनबाईंना नेमायचं का? तिसऱ्यांदा विचारतोय."

मुकादमांना खोकला आला. मागच्या दोन्ही वेळेलाही नेमका तेव्हाच आला होता.

"हे बघा," साहेब म्हणाले, "आजचा माल तिलाच लावू द्या. तुमची लाथ पास झाली, तर उद्यापासून ती मुकादम. नापास झाली, तर तिची अजून तयारी नाही असं समजू. ती परत वर क्रेनला खुणा करायला जाईल आणि तुम्ही आणखी एक वर्ष थांबा. दुसरा माणूस माझ्याकडे नाही."

मुकादमांचा खोकला एकदम बरा झाला.

*

सून घरात आली ती अपघातानं आणि गोदीत आली ती हट्टानं. मुकादमांचा मुलगा शिंपी होता. दर्यावर्दी घराण्यात असा शिंपी का निपजला, तर लहानपणी तो झोपाळ्यावरसुद्धा ओकायचा. पुढे धक्क्यावर नुसतं उभं राहूनही त्याला गरगरायला लागलं, तेव्हा बापानं हाय खाल्ली आणि पोरानं सुई हातात घेतली. लग्न होऊन आलेल्या सुनेनं पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात चहाचा डबा शोधला.

तो सहजी सापडणारा नव्हता. मुकादमांनी घराची कपाटंही जहाजासारखी लावली होती. डब्याला डबा खेटलेला, मधल्या फटींत वाट्या, वाट्यांत चमचे आणि सगळ्याला कडेनं पुठ्ठ्याच्या पाचरी. साखर काढायची तर आधी तीन प्रकारच्या डाळी उतरवाव्या लागत. "झोपेत मी कूस बदलते म्हणून," मुकादमांची बायको सांगायची, "एकदा माझ्याही दोन्ही बाजूंना उशा ठोकल्या होत्या यांनी."

सुनेनं कपाटाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, लावलंय झकास. पण आधी उतरायचा माल वर हवा ना? चहा तर रोज पहिल्या बंदरालाच उतरतो."

मुकादम दाराशी थबकले. त्या दिवशी त्यांनी चहाचा डबा स्वतःच्या हातानं वरच्या थरात आणून ठेवला. पुढच्या महिन्यात सून गोदीत रुजू झाली. जहाजाच्या तोंडाशी, म्हणजे माल पोटात सोडायच्या चौकोनी भोकाशी, उभं राहून क्रेनवाल्याला हातानं खुणा करायच्या, वर, खाली, थांब. तिचा हात वर गेला की क्रेन थांबायची, आणि क्रेनवाल्याच्या बायकोचं म्हणणं होतं की तो घरी इतकं ऐकत नाही.

मुकादमांना सगळं दिसत होतं. पोरगी पक्की होती. पण 'हो' म्हणायचं म्हणजे उद्यापासून घरी बसायचं. आणि घर त्यांनी इतकं ठासून लावलं होतं की स्वतःला बसायला जागाच ठेवली नव्हती.

न्याहारीचा डबा घेऊन धक्क्यावर आलेल्या बायकोला साहेबांची ही अट कळली, तेव्हा मुकादमांच्या बुटांच्या नाड्या बांधता बांधता तिनं विचारलं होतं, "आज माल तपासायला चाललाय की तिला?"

"माल म्हणजे माल," मुकादम म्हणाले.

"मग लाथ मालालाच घाला. पोरीच्या पोटावर नको." आणि तिनं नाडीची गाठ अशी आवळली की मुकादमांच्या पायाला मुंग्या आल्या.

*

माल मात्र नेमका आजच विचित्र निघाला होता.

एका बागेतलं मुलांचं फिरतं चक्र दूरच्या बंदरातल्या बागेनं विकत घेतलं होतं, आणि त्याचे लाकडी घोडे चालले होते जहाजानं. चौकोनी माल हा सज्जन माल. खोकी एकमेकांना खेटून निमूट उभी राहतात. पण घोडा? कुणाचा पाय पुढे, कुणाची मान वळलेली, एकानं तर पुढचे दोन्ही पाय उचललेले. अंगाला पोती गुंडाळून, तोंडं तेवढी उघडी ठेवून सगळे क्रेननं खाली येत होते. त्यातल्या एका तांबड्या घोड्याच्या गळ्यात एक पितळी घंटी राहून गेली होती. तो हवेतून खाली येताना ती सारखी किणकिणत होती, वाजतगाजत वरात यावी तसा तो जहाजात उतरला.

सून खाली उभी राहून एकेक घोडा लावून घेत होती. तळाला चक्राचा लोखंडी खांब आणि दातेरी चाकं, त्यांना साखळ्या. त्यावर फळ्या. फळ्यांवर घोडे, एकाचं डोकं दुसऱ्याच्या शेपटीकडे, पायांच्या बेचक्यांत लाकडी टेकू.

मुकादम मागे हात बांधून खोट शोधत फिरत होते. साखळीवर त्यांनी हातोडी वाजवून पाहिली. साखळीनं हवा तोच आवाज दिला. मेली कुठली! टेकू हलवून पाहिला. टेकूनं दाद दिली नाही. रांगेची दुसरी बाजू बघावी म्हणून ते दोन पावलं पुढे गेले, तोच सून कडाडली,

"बाबा, मागे व्हा! डोक्यावर माल आहे!"

मुकादमांनी वर पाहिलं. एक पांढरा घोडा टांगलेल्या अवस्थेत त्यांच्याकडे प्रेमानं बघत होता.

"मी?" ते म्हणाले. "मला सांगतेस?"

"तुम्हालाच. घोड्याला सासरा कळत नाही."

टोळी खदखदली. मुकादम मागे झाले, कारण टांगत्या मालाखाली उभं राहू नये हा धडा तिला त्यांनीच दिला होता, आणि स्वतःच शिकवलेल्या गोष्टीवर रागावण्याची सोय नसते.

दुपार कलली. शेवटचा घोडा लागला, आणि मग मुकादमांना ती दिसली. घोड्यांच्या दोन रांगांमध्ये माणूस अंग चोरून उभा राहील एवढी फट. हरवलेला चष्मा सापडावा तसा त्यांचा चेहरा उजळला. त्या फटीत त्यांना आख्खं एक वर्ष दिसलं.

"सूनबाई," ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "हे काय ठेवलंस? इथून काय वारा खाणार आहेत घोडे?"

"ती मुद्दाम ठेवलीय, बाबा. थांबा." तिनं फटीच्या दोन्ही बाजूंना प्लायवूडचे तक्ते सरकवले. "खूर टोचू नयेत म्हणून." मग दोन तक्त्यांच्या मधे तिनं एक भली मोठी चपटी पिशवी सोडली आणि तिच्या तोंडाला हवेची नळी जोडली. पिशवी फुसफुसत फुगायला लागली.

"उशी?" मुकादम म्हणाले. "माल समुद्रावर चाललाय की झोपायला?"

"हवेची पिशवी आहे. वेड्यावाकड्या मालात लाकडाची पाचर एकाच ठिकाणी जोर लावते, घोड्याचा पाय मोडेल. ही दोन्हीकडे सारखी दाबते." तिनं नळी काढली, तोंड बंद केलं आणि पिशवीवर हात थोपटला. "झालं. आता तुमची लाथ."

सगळे गोल करून उभे राहिले. वर जहाजाच्या तोंडाशी साहेबांचं डोकं दिसू लागलं. सुनेनं कपाळावरचा घाम पुसला. एवढं सगळं बेडर वागून आता तिचे ओठ मात्र घट्ट मिटले होते. मुकादमांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

त्यांनी पँट गुडघ्याशी वर ओढली. आजवरच्या लाथा त्यांनी मालाची परीक्षा घ्यायला घातल्या होत्या. ही मात्र त्यांनी माल हलावा म्हणून घातली. फुगलेल्या पिशवीच्या बरोबर मध्यावर, होता नव्हता तेवढा जोर लावून, वर्षभराच्या आशेनं.

पुढे काय झालं ते बोका नंतर बऱ्याच जणांना सांगणार होता, आणि दर वेळी मुकादम थोडे अधिक उंच उडणार होते. खरं तर एवढंच झालं, की पिशवीनं लाथ घेतली, क्षणभर विचार केला आणि परत केली. मुकादम मागच्या मागे तीन पावलं गेले आणि फळ्यांवर धप्पकन बसले.

"घोड्यानं झाडली!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बाबा!" सून धावली.

"थांब!" मुकादमांनी बसल्या जागी हात वर केला. "कुणी हलू नका. आवाज करू नका."

लाथेनंतर ऐकायचं असतं. सगळे ऐकू लागले. साखळी बोलली नाही. टेकू कुरकुरला नाही. मुकादमांनी मान वाकडी करून कान दिला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ज्या घंटीनं सकाळपासून कान किटवले होते, त्या तांबड्या घोड्याच्या गळ्यातली घंटीसुद्धा किणकिणली नव्हती. साधी थरथरली नव्हती.

वरून साहेब ओरडले, "मुकादम, काय झालं? पास की नापास?"

मुकादमांनी घशाशी हात नेला. कसं कोण जाणे, खोकला काही आला नाही.

"साहेब," ते फळ्यांवर बसल्या बसल्याच म्हणाले, आणि त्यांचा आवाज जहाजाच्या पोटात घुमला, "आपल्या धंद्यात नियम एकच. लाथ घातल्यावर जे हललं, ते जहाजावर ठेवायचं नाही. आज या जहाजात एकच नग हलला. तो उतरवून घ्या. बाकी माल पास."

कुणी हसलं नाही. बोक्यानं नाकावरून पोत्याचं टोक फिरवलं आणि त्याला शिंक आली. वर साहेबांनी टोपी काढली.

मुकादमांनी खिशात हात घातला. खडू निघाला, झिजून बोटाच्या पेराएवढा राहिलेला. तो त्यांनी सुनेपुढे धरला.

"मार फुली," ते म्हणाले.

"तुम्ही मारा ना, बाबा. शेवटची."

"शेवटची कशाची? तुझी पहिली आहे. आणि लक्षात ठेव. लोक सांगतील, लाथ कशाला, आता यंत्रं आहेत. ऐकून घे सगळ्यांचं, पण लाथ सोडू नकोस. समुद्र लाथ घालण्याआधी आपण घातलेली बरी."

तिनं खडू घेतला. तांबड्या घोड्याच्या पोत्यावर तिनं एक फुली मारली, जरा वाकडी, पण ठसठशीत. तिची पाठ मुकादमांकडे होती आणि ती आवश्यकतेपेक्षा जरा जास्त वेळ तशीच राहिली. टोळीतल्या एकेकानं डोक्याला गुंडाळलेलं फडकं काढून हातात घेतलं. वरच्या चौकोनातून उतरती उन्हं नेमकी मुकादमांवर पडली होती. एखाद्या सिंहासनावर बसावं तसे ते दिसत होते, ताठ, शांत, हात गुडघ्यांवर.

"जा आता सगळे वर," ते म्हणाले. "झाकण लावायची वेळ झाली."

टोळी एकेक करत शिडीकडे वळली. सून तिथेच उभी होती. मुकादमांनी तिला खुणेनं जवळ बोलावलं. ती वाकली. अजून काहीतरी मोलाचं सांगायचं राहिलं असेल म्हणून तिनं कान अगदी जवळ नेला.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "आता जरा हात दे. मगापासून उठता येत नाहीये."