माझ्या बोटांची बासरी

“काकाजी, पोरीनं भोकं पाडली तर बासरी वाजते काय?”

विचारलं एकदाचं! मागे खांबाआड माझ्या मैत्रिणी पंचफुला अन् वच्छला दप्तरात तोंड खुपसून हसत होत्या. पैज त्यांचीच. शाळेमागच्या बुरडांच्या ओळीत रामाजींचं दुकान शेवटचं. तिथं सुपं-टोपल्या त्यांच्या बायकोनं, तुळसाबाईंनी विणायच्या, पण बासरीला भोकं रामाजींनीच पाडायची, हे आम्ही पहिलीपासून पाहत आलो होतो.

माझं खरं कारण मात्र वेगळं होतं. संमेलनाच्या नाचात मी दरवर्षी मागच्या रांगेतलं झाड! यंदा बाईंनी सांगितलं होतं, जिला काही वाजवायचं असेल तिनं सोमवारपर्यंत नाव द्यावं. दिवाळीत सावनेरला मामाच्या बासरीवर मी दोन गाणी बसवली होती. मामानं गाणी दिली, बासरी काही दिली नाही. अन् आज शनिवार.

रामाजींनी चष्म्यावरून पाहिलं. “काहून नाही वाजणार? बांबूले काय मालूम, पोरगा हाय का पोरगी?”

“मंग मले पाडू द्या!”

त्यांनी शेगडीतल्या भोकं पाडायच्या सळईकडं पाहिलं. तुळसाबाईंची सुरी थांबली. “द्या नं तिले. तीस वर्षं झाले, मले तर कधी सळईले हात लावू देला नाही.”

“तू मागितली कधी?”

“घ्या! आता मागाची आठवण बी म्याच ठेवाची!”

पंचफुला इतक्या जोरात हसली की रामाजींनाही हसू आलं. त्यांनी बांबूचा एक सुकलेला, पोकळ पोंगा काढला, एका टोकाची गाठ राखून दुसरं टोक कापलं, अन् गाठीजवळ फुंकायच्या भोकाची खूण केली. मग तिथून आपली बोटं आडवी मांडत पुढची पहिली खूण केली. तेवढ्यात सूप घ्यायला गिऱ्हाईक आलं. “बाकीच्या खुणा तू कर वं. बोटं मोजत जा,” म्हणत ते उठले.

मी मोजली, माझी बोटं. शेगडीत सळई लाल झाली. बांबूवर टेकवली तशी चर्र वाजली, नाकात धूर गेला, डोळ्यांत पाणी आलं, पण हात हलला नाही. सात भोकं! मी ऐटीत फुंकलं.

“बकरी ओरडून राहिली वं!” वच्छला म्हणाली.

खरंच बकरी. दुकानासमोरचे दोन सायकलवालेसुद्धा थांबून हसले. मला वाटलं, संपलं, यंदाही झाडच.

रामाजींनी बासरी डोळ्याजवळ धरली, भोकांवर आधी आपली बोटं ठेवली, मग माझी ठेवायला लावली. अन् कपाळावर हात मारला. “चूक माही हाय, पोरी. अर्धं माप माह्या बोटाचं, अर्धं तुह्या. बासरी एकाच हाताची पाहिजे.”

दुसरा पोंगा मी माझ्या वितेनं मोजून कापला. फुंकायच्या भोकापासून शेवटच्या भोकापर्यंत सगळी बोटं माझी. आखूड झाली, रामाजींच्या बासऱ्यांत लेकरासारखी. फुंकलं. आवाज बारीक आला, पण स्वच्छ! मी मामाचं एक गाणं पुरं वाजवलं. तेच सायकलवाले पुन्हा थांबले, यावेळी हसले नाहीत.

“वाजते हो, वाजते,” रामाजी म्हणाले.

“मंग सरका जरासे,” म्हणून तुळसाबाईंनी पदर खोचला अन् शेगडीतली सळई उचलली.

घरी आले तेव्हा आई भाकर थापत होती, बाबा रेडिओचा कान पिरगाळत होते. माझी काळी बोटं आईनं आधी पाहिली. “काय वं गोपिका, कोयशात हात घातला का काय?”

“संमेलनातल्या झाडाचा हिरवा झगा शिवायला टाकायचा हाय नं आज?” बाबांनी विचारलं.

मी रेडिओ बंद केला. असा बंद करायची माझी पहिलीच वेळ.

“नका टाकू, बाबा. आई, तूही ऐक. यंदा मी झाड होणार नाही. सोमवारी बासरीसाठी नाव देऊन राहिली मी, अन् बासरी माह्या हातची हाय.”