दारावरचा कागद

एखाद्या मोठ्या इमारतीत शिरावं आणि कुठे जायचं तेच कळू नये, हा अनुभव तुम्ही-आम्ही सगळ्यांनी घेतलेला आहे. भिंती चकाचक, पण पाटी सापडत नाही. सापडली तर वाचता येत नाही. मग आपण आपल्यालाच अडाणी ठरवतो आणि ओशाळून कुणाला तरी वाट विचारतो. ही गोष्ट अशा पाट्या करणाऱ्या एका डिझायनरबाईंची आहे.

बाईंचं नाव झालं ते व्हिजिटिंग कार्डांवर. पांढराशुभ्र जाड कागद, मधोमध मुंगीच्या पायाएवढी करडी अक्षरं, बाकी सगळं मोकळं. असं कार्ड खिशात असलं की माणूस आपोआप ताठ चालतो, असं त्यांची गिऱ्हाइकं म्हणत. पुढे डोळ्यांच्या एका नव्या हॉस्पिटलनं सगळ्या पाट्यांचं काम बाईंनाच दिलं. बाईंनी पाट्याही कार्डासारख्याच केल्या. नमुने मीटिंगच्या टेबलावर मांडले, साहेबलोकांनी वाकून पाहिले, वाहवा झाली. भिंतीवर लावून लांबून कुणी पाहिलंच नाही.

मग तिथल्या स्वागतकक्षातल्या मुलीचे फोन येऊ लागले. "मॅडम, लोक दिवसभर वाटच विचारतात. आम्ही मार्करनं लिहून कागद चिकटवलेत. चालेल ना?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "भिंत म्हणजे काय नोटीसबोर्ड आहे?"

नेमकं त्याच आठवड्यात बाईंना आपल्या मावशीला तिथे न्यावं लागलं. मावशीनं उभा जन्म नाटकांचे पडदे रंगवले होते. बेबीच्या, म्हणजे बाईंच्या, हातात पहिला ब्रश तिनंच दिला होता. आता तिचा एक डोळा गेला होता आणि दुसराही अंधुक होत चालला होता. त्याचं ऑपरेशन करता येईल की नाही, हे बाहेरून येणारे मोठे डॉक्टर आज सांगणार होते. दुपारी ते परत जाणार होते आणि पुन्हा कधी येतील याचा नेम नव्हता.

मावशीच्या डोळ्यांत तपासणीआधीचे, नजर धूसर करणारे थेंब घालून तिला बाकावर बसवलं. बाईंचं लक्ष मात्र भिंतींकडे. जिकडेतिकडे कागद, ओबडधोबड अक्षरं, तिरक्या चिकटपट्ट्या! बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या उठल्या आणि एकेक कागद सोलून पर्समध्ये कोंबू लागल्या. कागदावर काय लिहिलंय ते वाचलं का? छे. भिंतीचा रंग निघू नये, एवढीच त्यांना काळजी.

"बेबी, काय ओरबाडतेस गं?"

"काही नाही. कचरा काढतेय."

एवढ्यात निरोप आला की डॉक्टर खालच्या मजल्यावर बसलेत, लवकर या. लिफ्टपाशी ही गर्दी. "चल, एकच तर मजला आहे," म्हणत बाईंनी मावशीचा हात धरला आणि जिन्याचं दार ढकललं. ते जड दार त्यांच्यामागे आपोआप लागलं.

खाली उतरतात तो दाराला कुलूप आणि पुढ्यात मोडक्या खुर्च्यांचा ढीग. पुन्हा वर आल्या, तर दाराला आतून मूठच नाही. मोबाइलला रेंज नाही, खिडकी नाही, हवा कोंदट. बाईंनी दार बडवलं, घसा कोरडा पडेपर्यंत हाका मारल्या. पण पलीकडे पेशंटांची नावं पुकारणाऱ्या माइकपुढे त्यांचं कोण ऐकणार?

घाम पुसायला रुमाल काढताना एक कागद हाताशी आला. "जिना बंद आहे. आत जाऊ नका. दार आतून उघडत नाही."

बाईंनी तो दोनदा वाचला आणि दाराकडे पाहिलं.

"काय झालं गं?"

"मावशी, हा कागद ह्याच दारावर होता. मीच काढला."

"म्हणजे मघाचा कचरा," मावशी म्हणाली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "डॉक्टर निघून गेले तर रे देवा? मला भीती वाटतेय बेबी."

बाईंनी घाईघाईनं आपलं कार्ड काढलं, मागे सुबक अक्षरांत "आम्ही आत अडकलो आहोत" असं लिहिलं आणि दाराखालच्या फटीतून सरकवलं. फरशीला गाल टेकून पाहिलं. एक चप्पल आली आणि कार्डावरून निघून गेली. दुसरं कार्ड सरकवलं, तिसरं सरकवलं. कुणी थांबेना.

"बघू, काय लिहितेस ते," मावशीनं कार्ड डोळ्यापाशी नेलं. "हे तर कोरंच आहे."

"तुझ्या डोळ्यांत थेंब घातलेत मावशी."

"आणि बाहेर बसलेत त्यांच्या?"

बाईंनी मावशीच्या हातातलं कार्ड परत घेतलं आणि हात लांब करून ते पाहिलं.

"मी पडदा रंगवायचे तेव्हा चार फटकारे मारले की उतरून थेट शेवटच्या रांगेत जाऊन बसायचे," मावशी म्हणाली. "सगळे हसायचे, ही बाई रंगवते कमी आणि चालतेच जास्त. पण शेवटच्या रांगेतल्या माणसानंही तिकीट काढलेलं असतं. तू ह्या पाट्या केल्यास तेव्हा एकदा तरी मागे जाऊन पाहिलंस?"

"नाही पाहिलं," बाई म्हणाल्या. त्यांनी तोच कागद उलटा केला, लिपस्टिक काढली आणि सवयीनं मधोमध बारीक लिहायला लागल्या.

"मोठं लिही. कागद संपेपर्यंत लिही."

"दार उघडा" एवढ्याच दोन शब्दांनी कागद भरला. अर्धीअधिक लिपस्टिक संपली. कागद फटीतून बाहेर गेला. पावलं आली, पुढे गेली, थबकली आणि मागे फिरली. "अहो, इथे कुणीतरी अडकलंय!" एक म्हातारा आवाज ओरडला.

किल्ली घेऊन तीच स्वागतकक्षातली मुलगी धावत आली. खालचा कागद उचलून तिनं उलटा केला आणि आपलं अक्षर ओळखलं. "पडला होता का मॅडम?"

"नाही. मी काढला होता. चूक माझी आहे."

डॉक्टर बॅग घेऊन निघालेच होते. मुलीनं त्यांना गाडीपाशी गाठून परत आणलं. मावशीचा डोळा तपासून ते म्हणाले, "ऑपरेशन होईल. पण अजून उशीर करू नका."

मावशीच्या ऑपरेशनचे कागद तयार होईपर्यंत बाईंनी चिकटपट्टी मागून घेतली. पर्समधला एकेक कागद तळहातानं सरळ केला आणि आपल्या हातांनी जिथल्या तिथे लावला. जिन्याच्या दारावरचा सगळ्यात आधी. मग व्हरांड्याच्या पार टोकाच्या बाकावर जाऊन बसल्या. तिथून तो चुरगळलेला कागद स्वच्छ वाचता येत होता. शेजारची त्यांची देखणी पाटी भिंतीवरच्या डागासारखी दिसत होती.

त्या पाट्या पुढे बाईंनी स्वखर्चानं बदलून दिल्या. नमुने टेबलावर मांडले नाहीत, भिंतीवर टांगले. आणि पसंतीसाठी टोकाच्या बाकावर साहेबांच्या आधी बसवलं ते थेंब घातलेल्या पेशंटांना.

मित्रहो, आपणही कधी दुकानावर, कधी कचेरीत, कधी जिन्याच्या दारावर पाटी लावतो. लावण्याआधी एकदा शेवटच्या रांगेत जाऊन बसा. तिथल्या माणसाला ती वाचता आली, तरच ती पाटी.