धडधाकट खुर्चीची तक्रार

मित्रांनो, हल्ली दाराची कडी वाजली तरी मला धडकी भरते. मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका सलूनमधली जुनी खुर्ची आहे. माझं बूड ओतीव लोखंडाचं, गादी लाल चामड्याची. दांडा दाबला की मी गिऱ्हाइकाला अलगद वर उचलते. पन्नास वर्षांत कुणाला मध्येच खाली आपटलेलं नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगते.

माझे मालक लुशियस टॉलिव्हर. पूर्वी शनिवारी माझ्यासाठी रांग लागे. पहिल्यांदा केस कापताना भोकाड पसरणारी पोरं पुढे लग्नाच्या दिवशी दाढीलाही माझ्याकडेच आली. मग जवळचा कारखाना बंद पडला, गल्ली ओस पडली आणि माझी फाटलेली गादी तशीच राहिली. वाईट वाटायचं, पण भीती नव्हती.

भीती आली ती नगरपालिकेच्या बाईबरोबर. त्या वही घेऊन दारोदार फिरू लागल्या. गल्ली 'जीर्ण' ठरली, तर इथल्या घरपट्टीत जी वाढ होईल ती पुढची तेवीस वर्षं इथल्याच सुधारणेवर खर्च होणार होती. ते ऐकून शेजारच्या लाँड्रीवाल्या व्हर्लीनबाई धावतच आल्या.

"टॉलिव्हरभाऊ, तो झाडू ठेवा आधी! आज दुकान जेवढं भिकार दिसेल तेवढं बरं. नवं छप्पर मिळेल फुकटात."

"बापाचं दुकान आहे हो माझ्या. भिकार म्हणू?"

"एक दिवस म्हणा! जीभ झिजते का?"

नगरपालिकेच्या बाई आल्या तेव्हा लुशियसनी छताचा ओला डाग दाखवला, भिंतीतली केसाएवढी भेग दाखवली. वर मला लाथ मारून म्हणाले, "ही तर भंगारातच गेली समजा." मी चांगली धडधाकट होते हो! बाईंनी सगळं लिहून घेतलं आणि लुशियसनी खाली सही ठोकली.

वसंतात चर्चच्या तळघरात जाहीर सुनावणी झाली. तिथून लुशियस परतले ते पांढरेफटक पडूनच.

"छप्पर नाही, व्हर्लीनबाई. गल्ली जीर्ण ठरली, म्हणून दुकानं ताब्यात घेऊन अख्खी ओळ पाडणार. काचेची इमारत येणार, आणि बिल्डरला पैसा आपल्याच घरपट्टीतून."

"अहो, मग दुकान भक्कम आहे म्हणून सांगायचं ना!"

"सांगितलं. नगरपालिकेच्या साहेबांनी माझ्याच सहीचा कागद मोठ्याने वाचून दाखवला. लोक हसले."

ते माझ्यात बसले. माझ्या फाटक्या गादीवरून हात फिरवत राहिले. मी त्यांना धीर कसा देणार?

गुरुवारी पाडणारी माणसं येणार आहेत. म्हणून मित्रांनो, हात जोडून सांगते, चार पैशांच्या आशेने आपल्या चांगल्या वस्तूला मोडकी म्हणू नका. आम्हाला तोंड नसतं. तुम्ही आमच्याविषयी जे बोलता, तेच जग खरं धरून चालतं.