समोरचा, मागचा आणि माझी जीभ

शर्मिला रणपिसेबाईंच्या जिभेला हाड नाही, हे त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळायचं. "ब्रेक आहे तो, झुरळ नाही. मारू नका, दाबा," असं त्या भर चौकात, खिडकीची काच खाली असताना सांगत. तरी बायका त्यांच्याकडेच शिकायला यायच्या, कारण बाई शिकवायच्या पक्कं, आणि शिवी त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकली नव्हती. शिवी न देता समोरच्याला गार करणं ही पुण्यात एक कला मानतात, आणि त्या कलेत बाईंचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

आपली जीभ आपल्याला आवरत नाही हे बाईंनाही ठाऊक होतं. म्हणून तर त्या रोज एक प्रार्थना म्हणत. ती त्यांना वडिलांकडून मिळालेली. वडील रतन साळवे स्वारगेट डेपोत बसचे ड्रायव्हर होते. बस सुरू करण्याआधी ते टोपी काढून मांडीवर ठेवत, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून डोळे मिटत आणि पुटपुटत, "प्रभू, गाडी तुझी, हात माझे. समोरचा सांभाळ, मागचा सांभाळ, माझी जीभ सांभाळ. आमेन." लहान शर्मिलाने एकदा विचारलं होतं, पप्पा, अपघात होऊ नये असं का नाही मागत? तेव्हा ते म्हणाले होते, "जीभ जागेवर राहिली की निम्मे अपघात तिथंच टळतात, बाळ." रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांची लांबलचक प्रार्थना सुरू झाली की रतनरावांना हमखास डुलकी लागे, पण ही एवढीशी प्रार्थना त्यांनी निवृत्तीपर्यंत चुकवली नाही.

बाईंचाही तोच नेम होता. गाडीत बसायचं, बेल्ट लावायचा, आरसा बघायचा, डोळे मिटून ओठातल्या ओठात म्हणायचं आणि मगच विद्यार्थ्याला चावी फिरवायला सांगायचं. कुणाला त्याचा अर्थ सांगायच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. ज्याचा देव त्याच्यापाशी, असा त्यांचा रोखठोक हिशेब. विद्यार्थीही बापडे हात मांडीवर ठेवून गप्प बसत.

त्या बुधवारी मात्र नेम चुकला. स्कूलमधले दुसरे मास्तर तापाने झोपलेले, आणि त्यांचेही विद्यार्थी त्याच दिवशी लायसन्सच्या परीक्षेला बसणार. सगळ्यांना आरटीओच्या ट्रॅकवर एकट्या बाईंनी बघायचं. त्यात सकाळीच गाडीचं चाक बसलं. ते बदलून, हात न धुताच बाई निघाल्या तेव्हा नवरा संजय चहाचा कप घेऊन दारात उभा राहिला.

"प्रार्थना केलीस का?"

"मी किती घाईत आहे ते देवाला दिसतंय," बाई म्हणाल्या आणि चहासुद्धा न घेता गेल्या.

पहिल्यांदा वाघोलीला जाऊन यमुनाबाईंना घ्यायचं होतं. यमुनाबाईंची साठी उलटलेली. नवरा बापूराव गुडघ्यांनी अडलेला. त्याला व्यायामाला न्यायचं तर रिक्षावाले पत्ता ऐकूनच मान हलवायचे. घराखाली मुलाची, सुदर्शनची जुनी गाडी धूळ खात उभी होती. तो बंगळूरला नोकरीला. आईने गाडी शिकायचं काढलं तेव्हा तो आधी हसला. ती दोनदा परीक्षेत नापास झाल्यावर हसायचा थांबला आणि त्याने गाडीला गिऱ्हाईक बघितलं. या वेळी नाही जमलं तर येत्या रविवारी गाडी जाणार होती.

पहिल्या वेळी चढावर गाडी बंद पडली, ती यमुनाबाईंची चूक. दुसऱ्या वेळची चूक कुणाची, हा विचार मनात आला की बाई विषय बदलत. चढावर थांबून यमुनाबाई नीट विचार करत होत्या, तेवढ्यात मागच्या सीटवरून बाईच ओरडल्या होत्या, "क्लच." यमुनाबाई दचकल्या, पाय सुटला, गाडी मागे घरंगळली. परीक्षा घेणारे साहेब बाईंना एवढंच म्हणाले होते, "परीक्षा यांची की तुमची?" आणि नापासाचा शेरा मारून उतरले होते.

त्या सकाळी यमुनाबाई इस्त्रीचं लुगडं नेसून फाटकात तयारच होत्या. ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या, बेल्ट लावला, आरसा बघितला आणि बाईंकडे बघत राहिल्या.

"काय बघताय, मावशी? फिरवा चावी."

यमुनाबाईंनी क्षणभर वाट पाहिली आणि चावी फिरवली.

नगर रस्त्यावर गाड्यांची ही गर्दी. फोन वाजतोय, ट्रॅकवर पोचलेले विद्यार्थी "मॅडम, कुठे आहात" विचारताहेत, आणि यमुनाबाई आपल्या सावकाश, प्रत्येक दुचाकीला मान देत चाललेल्या. बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. "मावशी, तुमच्या चालीने गेलो तर साहेब पेन्शनीत निघतील." यमुनाबाई हसल्या. पुढच्या सिग्नलला गाडी बंद पडली आणि मागून हॉर्नचा कल्लोळ उठला. तेव्हा बाई बोलून गेल्या, "हे तुमच्याने व्हायचं नाही, हे आधीच सांगितलं असतंत तर दोघींचा वेळ वाचला असता."

यमुनाबाईंनी गाडी पुन्हा सुरू केली आणि थेट समोर बघत चालवू लागल्या. त्यांचं मघाचं हसू गेलेलं बाईंनी पाहिलं आणि त्यांना स्वतःची शरम वाटली. माफी मागावी असं पुन्हा पुन्हा मनात आलं, पण दर वेळी फोन वाजला आणि ते राहूनच गेलं.

ट्रॅकवर साहेब मागच्याच वेळचे निघाले. ते यमुनाबाईंच्या शेजारी बसले. मागे बसणाऱ्या बाईंना त्यांनी बजावलं, "मागून एक शब्द आला तर उतरून जाईन." यमुनाबाईंनी बेल्ट लावला. आरसा बघितला. मग दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, डोळे मिटले आणि चांगल्या खणखणीत आवाजात सुरू केलं.

"प्रभू, गाडी तुझी, हात माझे. समोरचा सांभाळ, मागचा सांभाळ," इथे त्या जरा थांबल्या, "आन आमच्या मॅडमची जीभ सांभाळ. आमेन."

साहेबांचं पेन हातातच राहिलं. मागे बाईंना दरदरून घाम फुटला.

"हे काय होतं?" साहेबांनी विचारलं.

"गाडी सुरू करायच्या आधीचं हाय. आमच्या शाळेत ह्याच्याबिगर चावी फिरवीत न्हाईत."

"मागच्या वेळी ऐकलं नाही मी."

"मॅडम हळू म्हणत्यात, साहेब. वरपर्यंत गेलं नसंल."

साहेबांनी वळून बाईंकडे एकदा नीट पाहिलं. "या वेळी पोचलं असावं," ते म्हणाले. "करा सुरू. डोळे उघडून."

यमुनाबाईंनी गाडी वळणातून काढली, मागे घेतली, खांबांना न शिवता बाहेर आणली. मग चढ आला. मध्यावर थांबायचं होतं, त्या थांबल्या. आणि मागच्यासारख्याच विचार करत बसल्या. गाडी बोटभर मागे सरकली. बाईंच्या दातांपाशी 'क्लच' येऊन उभा राहिला. त्यांनी तळहात तोंडावर गच्च दाबला. प्रभू, सकाळी घाई केली, माझं चुकलं, त्या मनात म्हणाल्या, पण आत्ता धर ही जीभ. माझ्याने धरवत नाही.

यमुनाबाईंनी शांतपणे हँडब्रेक ओढला. एक श्वास घेतला. इंजिनाचा आवाज हळूहळू भरत गेला, हँडब्रेक सुटला आणि गाडी चढावरून अशी वर गेली की साहेबांचं पेनही हललं नाही.

"पास," साहेब म्हणाले. "दोघीही."

खाली उतरल्यावर बाईंचे डोळे भरून आले होते. "मावशी, सकाळी मी बोलले ते फार चुकलं माझं."

"चुकलंच," यमुनाबाई म्हणाल्या आणि पदराने कपाळ पुसलं.

"ती प्रार्थना आहे, हे तुम्हाला केव्हा कळलं?"

"पहिल्या दिवशी. डोळे मिटून कुनी क्लच शोधतं व्हय? आन शेजारी बसून रोज ऐकून पाठच झाली." यमुनाबाई हसल्या. "माझा देव येगळा हाय, मॅडम. पन मला तुमची ही सवय आवडायची. त्यानंतर तुम्ही घटकाभर तरी गोड बोलायच्या. आज वाघोलीत मी वाट बघत बसले, तर तुम्ही म्हणलीच न्हाय. मग म्हणलं, आज आपनच म्हणू."

मग त्यांनी बंगळूरला फोन लावला. सुदर्शनला एवढंच सांगितलं की गिऱ्हाइकाला नाही म्हण, उद्या तुझ्या बापाला व्यायामाला मी नेणार आहे. पलीकडून बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि यमुनाबाईंनी ते ऐकू न येणं अगदी चवीने ऐकलं.

पुढचा नंबर पुष्करचा होता. कॉम्प्युटर कंपनीतला हा पोरगा परीक्षेच्या नावाने पांढराफटक पडला होता. साहेब त्याच्या शेजारी बसले, बाई मागे. त्याने बेल्ट लावला, आरसा बघितला आणि मान वळवली.

"मॅडम, यमुनाआजी म्हणाल्या की तुमच्याकडे एक जिभेचं असतं. ते आधी करूया का? मला खूप टेन्शन आलंय."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पेन खिशाला लावलं आणि हात मांडीवर ठेवले.

शर्मिलाबाईंनी डोळे मिटले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी ती प्रार्थना सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हटली, आणि पप्पांच्या मांडीवरची टोपी त्यांच्या मिटल्या डोळ्यांपुढे आली. पुष्कर आमेनपर्यंत थांबला आणि मग त्याने चावी फिरवली.