अंगठ्याचं पाणी

सकाळी सुटका होणार म्हणून दगूने हातपाय धुतले, पदर झटकला, आणि तेवढ्यात निरोप आला की दिवसाच्या पाळीची पोर तापाने फणफणली आहे, तेव्हा दगूनेच थांबावं. रात्रभर उभी असलेल्या बाईला दिवसभर उभं राहायला सांगताना कुणी हात जोडत नाही. शिकाऊ पोरीला तर नाहीच नाही. "बरं" म्हणून दगू पुन्हा खाटांकडे वळली.

नंदुरबारला गावाबाहेर बाळंतिणींचा हा दवाखाना निघून फार वर्षं झाली नव्हती. गोऱ्या साहेबाच्या मडमेने फीत कापली, आसपासच्या बड्या शेतकऱ्यांनी खाटा दिल्या, आणि मग कुणाच्या सुनेने त्या खाटांवर यावं याची वाट बघणं सुरू झालं. चांगल्या घरची बाई दवाखान्यात बाळंत होणं म्हणजे घराण्याची अब्रू चव्हाट्यावर मांडणं. सुईण हात टेकायची, तेव्हाच लोकांना दवाखाना आठवायचा. मग इथे बाई दगावली की दोष दवाखान्याला.

दगूबाई कोरीटची. वय विशीचं, कपाळ मोकळं. नवरा पटकीने गेला, आणि वर्ष सरायच्या आत दीर लोटनने तिचा पाट म्हसावदच्या हिलाल पाटलाशी ठरवून टाकला. हिलालने दोन बायका पोचवल्या होत्या, आणि दुसरी कशी गेली ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, फक्त तोंडाने कुणी बोलत नव्हतं. दगू रडली, पाया पडली, आणि शेवटी सुईणपण शिकायच्या नावाखाली इथे येऊन पडली. लोटनचं म्हणणं साधं होतं: "टिकनी त ठीक, हाकली दिधं त म्हसावद." आणि मोठी नर्स मीनाबाई हिचं म्हणणंही साधं होतं. मागच्या महिन्यात दगूच्या हातून गरम पाण्याचं पातेलं सांडलं, तेव्हा तिने सांगून ठेवलं होतं, "आता एक चूक झाली की घरी." त्यामुळे दगू तिथे शिकत होती कमी आणि घाबरत होती जास्त.

सकाळी उन्हं वर यायच्या आत आवारात छकडा शिरला. शहाद्याकडच्या एका मोठ्या गुजर घरची सून होती, सरलाबाई. पहिलटकरीण. कळा सुरू होऊन दोन दिवस झालेले. प्रकाशा गावच्या घाटावर छकड्यासकट नावेत घालून तिला तापी ओलांडून आणली होती. सोबत सासू रुखमाबाई, हातात पितळी वाटी, वाटीवर फडकं. छकडा एवढा हिंदकळत आला, पण त्या वाटीतलं पाणी बाईने सांडू दिलं नव्हतं. सुनेचं डोकं मात्र छकड्याच्या दांडीवर आपटून कपाळाला टेंगूळ आलं होतं.

नेमके डॉक्टर धुळ्याला गेलेले. मीनाबाईने सरलाला तपासलं आणि हात पुसत म्हणाली, "डोकं खाली उतरलंय. वेळ लागेल, पण होईल आपोआप. दगू, तू बस हिच्यापाशी."

सासूला आत ठेवायचं नाही असा नियम होता. पण खोलीतल्या निम्म्या खाटा याच घराने दिलेल्या, तेव्हा नियमाने आपला आपण दाराबाहेर जाऊन बसायचं ठरवलं. रुखमाबाईने वाटीवरचं फडकं काढलं.

"पोरी, हाई पानी पाज तिले. मन्हा पायना अंगठा बुडाडेल शे. सासूना पायनं पानी पिधं का बाई मोकळी व्हई जास. दोन दिनपासून सांगी ऱ्हायनू, पन हाई भवानी तोंड उघाडत नही."

दगूला हे नवीन नव्हतं. अडलेल्या सुनेला सासूच्या अंगठ्याचं पाणी पाजायचं, हा रिवाज तिने स्वतःच्या जिभेवर चाखला होता. तिच्या सासूने तर पायाची माती धुवायचीही तसदी घेतली नव्हती. दगू ते गाळासकट प्यायली, आणि पोर मेलेलं आलं. सासू म्हणाली, मनात किल्मिष ठेवून प्यालीस, म्हणून. तेव्हापासून दगूला त्या पाण्याचा एकच गुण ठाऊक होता: पोर मोकळं होवो न होवो, सून मोडते.

सरलाने खाटेवरून मान फिरवली. ओठ सुकून फुटले होते, पण नजर ताठ होती. सासू जरा बाहेर गेली तशी तिने दगूचं मनगट धरलं आणि कळांच्या मधल्या उसंतीत तुटक तुटक सांगितलं. तिचा बाप वारला, तेव्हा घरात कापूस यायचा होता आणि मजुरांच्या भाकरी थापायला हात हवे होते. सासूने बातमी दाबून ठेवली. बापाचं दहावं झालं, तेरावं झालं, कापूस घरात आला, आणि मग एका संध्याकाळी ताटावर बसलेलीला सासूने सांगितलं, "तुन्हा बाप गया, महिना व्हयना." सरलाने पुढचा घास गिळला नाही, पण आवाजही केला नाही. त्या दिवशी तिने मनाशी धरलं, हिचे पाय चेपीन, हिची धुणी धुईन, पण हिच्या पायाचं पाणी मात्र पिणार नाही. बिचारीकडे स्वतःचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं.

"मी मरी जासू, दगूताई, पन ते पिनार नही. तू माले वचन दे. फसाडीसन पाजू नको."

"दिधं वचन," दगू म्हणाली. आणि तेव्हा तिने ते खरोखर मनापासून दिलं होतं.

पण वचन द्यायला काय लागतं! ऊन चढलं. चैत्राचा पारा, पत्र्याचं छप्पर, सरलाचं कण्हणं, आणि बाहेर ओट्यावर रुखमाबाईच्या तोंडाचा पट्टा. येणाऱ्याजाणाऱ्याला ती ऐकवत होती की आम्ही खाटा दिल्या, भिंती दिल्या, आणि इथली एक पोर आमच्या सुनेला घोटभर पाणी पाजत नाही. डॉक्टर आले की त्यांच्याच कानावर घालते, मग बघू कोण राहतं नि कोण जातं.

मीनाबाईने दगूला कोपऱ्यात घेतलं. ती पुण्याकडे शिकलेली, असल्या गोष्टींना हसणारी. पण हसणं वेगळं आणि नोकरी वेगळी.

"त्या म्हातारीचं तोंड बंद कर. पाण्याने काही होत नाही नि काही बिघडत नाही. पाज आणि मोकळी हो."

"बाई, ती नको म्हणते. मी वचन दिलंय."

"वचन?" मीनाबाई हसली. "तू इथे वचनं द्यायला आलीस का? पाज, नाहीतर बांध गाठोडं."

गाठोडं म्हणताच दगूच्या डोळ्यांपुढे म्हसावदचा उंबरा उभा राहिला. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं. पण इथे दोघींचंही जळत होतं, आणि पाण्याची वाटी एकीच्याच हातात होती. दगू औषधांच्या फळीपाशी गेली. वाटीतलं पाणी तिने औषधाच्या पांढऱ्या पेल्यात ओतलं. पाण्यात एक केस तरंगत होता, तो बोटाने काढला. मग पेपरमिंटची बाटली उचलून चार थेंब टाकले, म्हणजे वास औषधासारखा येईल.

सरलाने पेला हुंगला. "काय शे?"

"औषध शे, माय, पी. कळा जोरमा येतीन."

"मोठी बाईनं दिधं?"

"हां."

सरलाने तिच्याकडे बघितलं. त्या नजरेत संशयाचा ठिपकाही नव्हता. ती गटागटा प्यायली, ओठाला लागलेला थेंबही जिभेने टिपला, आणि "गार लागनं" म्हणून दगूचा हात आपल्या गालावर दाबून धरला. दगूला तो हात ओढून घ्यावासा वाटला, पण घेता आला नाही.

तासाभरात मुलगा झाला. तो व्हायचाच होता, डोकं सकाळीच उतरलेलं होतं. पण हे ऐकायला कोण मोकळं होतं! रुखमाबाई थाळी घेऊन आत घुसली आणि पळीने ती बडवत खाटाखाटांमधून नाचली. मग फळीवरची रिकामी वाटी बघून सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "शेवट मन्हा पायनंच पानी कामले उनं! दोन दिन मिजास कयी, आते कशी पिनी? ह्या गुनी पोरनी पाजं तिले!" आणि तिने दगूच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

बाळ सरलाच्या कुशीत होतं, त्याच्याकडेही तिने बघितलं नाही. दगूकडे तेवढं बघितलं. मग तोंडात दोन बोटं घालून ओकारी काढायचा प्रयत्न केला. बाहेर काही आलं नाही.

मीनाबाईने नाळ कापली, वार पडलेली पाहिली, आणि जेवून जरा पडायला आपल्या खोलीकडे निघाली. जाताना सांगून गेली, "रक्त जरा जास्त वाटतंय. अर्गटचं औषध दे, पोट चोळत राहा. अगदीच वाटलं तर हाक मार. उगाच मात्र उठवू नकोस."

दगूने काळं, कडू औषध ओतलं. पेला तोच होता, दुसरा नव्हताच. सरलाने दात आवळून घेतले.

"पी ना, माय. हाई खरं औषध शे. रगत थांबी जाई."

"तवय भी औषधच सांगं व्हतं."

"मन्ही आन शे तुले."

"तुन्ही आन?" सरलाने पेल्यात डोकावून पाहिलं. "एम्हा आते कोना पाय शे?"

दगूने स्वतः त्यातला घोट घेऊन दाखवला. उपयोग झाला नाही. पोटावर हात ठेवायला गेली, तर सरलाने तो झिडकारला. खाटेखाली टपटप सुरू झाली होती. रुखमाबाईला दगूने बोलावलं, म्हटलं तुम्ही तरी सांगा. तर ती नातवाच्या मुठी उघडून बघत म्हणाली, "ओली बाळंतीणले पानीबिनी कसाले? पोट फुगी जाई. पडू दे तिले." सकाळपासून पाणी पाज म्हणून गाव डोक्यावर घेणारी ती हीच.

दगू खाटेपाशी खाली बसली. आजवर कुणाला न सांगितलेलं तिच्या तोंडून निघालं.

"सरलाबाई, मी भी पिधं व्हतं मन्ही सासूनं. माले समजस."

सरलाने डोळे उघडले. "मंग? तुन्हं पोर जगनं का?"

दगूने नकारार्थी मान हलवली.

"तरी तू माले पाजं," सरला म्हणाली, आणि तोंड भिंतीकडे केलं.

आता धावत जाऊन मीनाबाईला उठवायला हवं होतं. अडाण्यालाही ते कळलं असतं, दगूला तर नक्कीच कळत होतं. ती दारापर्यंत गेलीसुद्धा. पण मीनाबाई विचारेल, औषध का घेत नाही ही? मग दगू काय सांगणार? औषध पाजता आलं नाही, ही चूक. ही झाली दुसरी चूक, आणि दुसऱ्या चुकीपाशी म्हसावद होतं. थोडं थांबून बघू, ऐकेल, तहान लागली की पिईल, असं म्हणत ती परत आली. फडकी बदलली. पुन्हा विनवलं. पुन्हा दारापर्यंत गेली, पुन्हा परतली. सरलाचे ओठ पांढरे पडत गेले. एकदा ती "पानी" म्हणाली. दगूने धावत पेला लावला. तिने तो हुंगला, आणि तेवढ्या तहानेतही तोंड मिटून घेतलं.

हात गार लागला, तेव्हा कुठे दगू पळाली. मीनाबाई अनवाणीच धावत आली. तिने जबडा उघडून औषध ओतलं, सुई टोचली, पोट दोन्ही मुठींनी दाबलं. औषध ओठांच्या कडेने गळून उशीवर सांडलं. दिवेलागणीच्या आधी सरला गेली.

"वेळेवर दिलं होतंस ना औषध?" मीनाबाईने विचारलं. तिचे हात कोपरापर्यंत माखलेले होते.

"दिलं होतं," दगू म्हणाली.

"मग आपल्या हातात काही नव्हतं," मीनाबाई म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

रुखमाबाई रडली. रिवाजापुरतं रडली. छकड्यात बसताना नातवाला छातीशी धरून मीनाबाईला म्हणाली, "आंडोर त हाती लागना. अशी गुनी पोर सोडू नका." मोठ्या घरचा शब्द पडला, दगूची जागा पक्की झाली. लोटनने हिलालला दुसरीकडे बघायला सांगितलं.

छकडा म्हणे नदीपल्याडच्या गावागावांतून सांगत गेला, की नंदुरबारच्या दवाखान्यात एक पोर आहे, ती हट्टी सुनांनाही पाजते. सून मेली हे सांगायचं राहून गेलं असेल, किंवा त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसेल.

वैशाखात एक बैलगाडी आवारात शिरली. आत कण्हणारी पोरगी, सोळासतराची असेल, आणि सोबत फडक्याने झाकलेली वाटी घेतलेली बाई.

"पाजनारी दगूबाई कोन शे?" बाईने विचारलं.

दगू पुढे झाली. तिने वाटी घेतली, फळीपाशी गेली, पांढरा पेला भरला आणि पेपरमिंटची बाटली उचलली. पोरगी खाटेवरून तिच्याकडे आशेने बघत होती.

"काय शे, ताई?"

"औषध शे, माय," दगू म्हणाली. "पी."