केकच्या वाटची बाटली

उषाने बाटली खिडकीच्या उजेडात धरली. गेल्या रविवारी मोहाची दारू लेबलच्या वर होती. आता तळाला बोटभर उरली होती.

तिने बाटली तिरकी करून पाहिली. तिरकी केल्याने दारू वाढते थोडीच! मग ती पुन्हा गोधड्यांच्या पेटीत दडवली आणि पेटीवरच बसून राहिली. केकला शेवटचं पाजायचं होतं, ते राहूनच गेलं.

पाजायचं, हा शब्द सासूचा. दगडीबाई तरुणपणी मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकाला होती, तिथल्या मडमेकडून नाताळचा केक शिकली. मडमेची ब्रँडी साक्रीत कुठून मिळणार, म्हणून तिने खजूर, बेदाणे, चारोळी मोहाच्या दारूत भिजवली. भाजलेला केक मलमलीत गुंडाळून डब्यात, डबा मुंग्यांसाठी पाण्याच्या परातीत, आणि दर रविवारी वरून दोन चमचे दारू. "लेकरूले पाजतस तसं पाजानं. उपाशी ऱ्हायना ते वाळी जास," असं ती सांगायची.

तिच्या मुलाला मात्र कुणी पाजावं लागलं नाही. रुपसिंग आपणहून प्यायला, आणि इतका प्यायला की एका नाताळात त्याने केकसकट टेबल उलथलं. त्यानंतर लेक रोहिणी सणाला घरी आलीच नाही, नाशिकला नर्सिंगच्या होस्टेलवरच राहिली. पुढे रुपसिंगने दारू सोडली, शाळेच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागला. तरी उषा केक संत्र्याच्या रसातच करायची. यंदा रोहिणी फोनवर म्हणाली, "मी येते. पण केक आजीसारखा कर हं." लेक येतेय म्हटल्यावर उषाला काही सुचेना. तिने भावाकडून बाटली आणवली. नाताळच्या सुटीत नवरा दिवसभर घरी आणि आपण दवाखान्यात नर्सच्या ड्युटीवर, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

"उषा, मी स्टँडवर जास. पोरनी गाडी येवानी येळ व्हयनी." रुपसिंग दारात उभा होता, तोंडात बडीशेप.

उषाने जवळ जाऊन हुंगलं. नुसती बडीशेप. पण माणसं बडीशेप कशासाठी चघळतात, हे नर्सबाईला कुणी शिकवायला नको.

"काय वं?"

"काही नही. नीट जा."

विचारलं असतं आणि तो हो म्हणाला असता, तर रोहिणीला काय तोंड दाखवायचं? नाही म्हणाला असता, तर विश्वास कुठून आणायचा? गाडीची वेळ टळून गेली. उषा दहादा ओट्यावर जाऊन आली. मधे रस्त्यात दारूचं दुकान होतं. शेवटी दोघं दिसली. बॅग बापाच्या खांद्यावर होती. गाडीच उशिरा आली होती.

चहा होतो न होतो तोच रोहिणीने डबा उचलला. "आत्ताच कापू. उद्यापर्यंत मला दम नाही."

झाकण निघालं आणि मोहाचा वास घरभर झाला. सुरी शिऱ्यात घातल्यासारखी बुडाली. मलमल थेंब थेंब गळत होती. रोहिणीने सुरी खाली ठेवून बापाकडे पाहिलं.

"मी थेंब बी नही लिन्हा," रुपसिंग भिंतीला टेकून म्हणाला. "उषा, तू ड्युटीवर जास, मन्हा हात पेटीकडे जास. झाकण उघाडं का मंग भ्याव लागस. मंग मन्हा वाटानं केकले पाजी दिन्हं. रोज. बडीशेप खाई खाई दिन काढात."

"मंग फेकी का नही दिन्ही?" उषाचा आवाज फुटला.

"तू पोरकरता आनेल व्हती. फेकू कशी?"

मघापासून आपण त्याला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या उषाला आठवल्या. तिला रडू आलं.

"तुम्ही खा. मी भायेर बसस," म्हणत रुपसिंगने चहाचा कप उचलला आणि वास पोचणार नाही अशा बेताने तो ओट्याच्या पार टोकाला जाऊन बसला.

रोहिणीने दोन वाट्यांत चमच्याने केक काढला. "आजीपेक्षा जास्तच पाजलाय," ती म्हणाली आणि डोळे पुसत वाटी संपवली. मग मोरीत जाऊन तिने चूळ भरली. तळव्यावर श्वास सोडून हुंगून पाहिलं, पुन्हा खळखळून चूळ भरली, आणि मगच ओट्यावर जाऊन बापाला लागून बसली.